ऐंशी टक्के कशाचे?

मूल होण्याच्या बाबतीत नाशिक शहर सध्या फार आशावादी आहे. कॉलेज रोडवरून गंगापूर नाक्याकडे नुसतं चालत निघालं तरी वाटेत दोन-चार फलक लागतात आणि प्रत्येक फलकावर गोबऱ्या गालांचं, निळ्या डोळ्यांचं एक बाळ हसत असतं. निळ्या डोळ्यांची ही बाळं नाशिक जिल्ह्यात नेमकी कुठे जन्माला येतात ते कळत नाही. इतकी वर्षं शिकवते आहे, माझ्या वर्गात तर एकही आलेलं नाही. बाळाच्या खाली टक्के असतात. ७०, ७५, ८०. एका फलकावर '८०+' होतं. मी गणित शिकवते. अधिकच्या पुढे काही न लिहिता कुणी उत्तरपत्रिका दिली तर मी अर्धा गुण कापते.

आयव्हीएफ करायचं ठरलं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमनी ठरवलं आणि आम्ही माना डोलावल्या, तेव्हा पहिला प्रश्न 'कुठे?' हा होता. नात्यागोत्यात याचं उत्तर तयार असतं. सिन्नरच्या मावशींनी फोनवरच निकाल लावला. "अगं, आमच्या शेजारच्या सुनेला मुंबई नाक्याच्या डॉक्टरांचा गुण आला. पहिल्या झटक्यात. हाताला यश आहे त्यांच्या." मावशींच्या हिशेबात प्रत्येक डॉक्टरचा सक्सेस रेट शंभर टक्के असतो, कारण प्रत्येक डॉक्टरचा त्यांना एकच पेशंट माहीत असतो. जिला गुण आला नाही, ती सून असल्या गप्पांना येऊन बसतच नाही.

माझा नवरा सहकारी पतसंस्थांचं ऑडिट करतो. 'थकबाकी नगण्य' असं ठळक अक्षरांत छापलेल्या अहवालांमधून थकबाकी उकरून काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली आहेत. अशा माणसाला फलकावरचा ऐंशीचा आकडा दाखवणं धोक्याचं असतं, हे त्या बिचाऱ्या रिसेप्शनवरच्या मुलींना ठाऊक असायचं कारण नव्हतं. रविवारी सकाळी चहा झाला की तो फोन घेऊन गॅलरीत बसायचा.

"सक्सेस रेट किती हो तुमचा?"

"सत्तर टक्के, सर."

"कशाचे सत्तर टक्के?"

"सक्सेसचे, सर."

"ते कळलं. भागिले काय? छेद काय घेतलाय?"

"सर, होल्ड करा हं, काउन्सेलर मॅडमना देते."

काउन्सेलर मॅडम अतिशय गोड बोलायच्या. त्या म्हणायच्या, सर, तुम्ही एकदा व्हिजिट द्या, पहिलं कन्सल्टेशन फ्री आहे. छेद कुणीच सांगायचं नाही.

आता छेदाइतकीच गंमत अंशातही आहे. भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांत बीटा एचसीजीची रक्ततपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली की काही ठिकाणी तिथल्या तिथे यश मांडून मोकळे होतात. यातल्या काही गर्भधारणा सोनोग्राफीत दिसण्याआधीच विरून जातात. रक्तात आल्या आणि रक्तातूनच गेल्या. कुणी पुढे सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत पिशवी आणि ठोके दिसले की यश मोजतात. त्यानंतरही काही पडतातच. शेवटची पायरी म्हणजे जिवंत, रडणारं बाळ. त्याला नऊ महिने लागतात आणि तेवढी वाट पाहायला फलकवाल्यांना सवड नसते. पण आम्हाला तरी पाळण्यात रक्ताचा रिपोर्ट घालायचा नव्हता.

भागाकाराच्या खालच्या बाजूला तर याहून मोकळं रान. इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या बायका धरायच्या, की बीजं काढली तेवढ्याच, की ट्रान्सफर झाली तेवढ्याच? इंजेक्शनं घेऊन पोटाची चाळण झाली तरी फॉलिकल वाढत नाहीत आणि सायकल कॅन्सल होते. बीजं निघतात, पण फलन होत नाही. फलन होतं, पण पाचव्या दिवसापर्यंत एकही भ्रूण तग धरत नाही. ट्रान्सफरवर टक्का काढला की या सगळ्या बायका हिशेबातून अलगद उतरतात. पावत्या मात्र त्यांच्याही फाटलेल्या असतात.

हा मुद्दा आईंना, म्हणजे सासूबाईंना, समजावून सांगताना नवऱ्यानं थेट मूळ दप्तर उघडलं. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी, लुईझ ब्राऊन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जन्मलं. पॅट्रिक स्टेपटो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी या तिघांचं ते काम. त्यांच्या जुन्या वह्या पुढे संशोधकांनी बसून तपासल्या. १९६९ पासून १९७८ पर्यंत २८२ बायका, बीजं काढण्याचे ४५७ प्रयत्न, ११२ वेळा भ्रूण गर्भाशयात सोडलं, ५ गर्भधारणा आणि अखेर २ बाळं. नवऱ्यानं वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. ट्रान्सफरमागे गर्भधारणा म्हणाल तर जवळजवळ साडेचार टक्के. ट्रान्सफरमागे बाळ म्हणाल तर १.८ टक्के. बाईमागे बाळ म्हणाल तर ०.७. बीजं काढण्याच्या प्रयत्नामागे बाळ म्हणाल तर ०.४४. वही एक, डॉक्टर तेच, बाळं तीच दोन. टक्के चार, आणि चारही खरे. सर्वांत वरचा सर्वांत खालच्याच्या दहापट.

आईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढे काय झालं त्यांचं?"

"२०१० साली एडवर्ड्सना नोबेल मिळालं."

"अर्धा टक्का नाही, आणि नोबेल?" आई म्हणाल्या. "मग हे ऐंशीवाले कॉलेज रोडवर काय करतायत?"

याला ऑडिटमध्ये आक्षेप म्हणतात, आणि तो बिनतोड होता. (स्टेपटो आणि पर्डी तोवर हयात नव्हते आणि नोबेल मागे राहिलेल्यांनाच मिळतं, म्हणून एडवर्ड्स एकटे. तिथेही छेद लहान झालाच.)

आपल्या देशातली पहिली नोंद तर याहून विचित्र आहे आणि तिच्यावर विनोद करवत नाही. लुईझनंतर थोड्याच दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली. सरकारनं समिती बसवली आणि समितीनं ठरवलं की असं काही घडणं शक्य नाही. मूल घरात रांगतंय आणि कागदावर यश शून्य टक्के. डॉक्टरांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षा जन्मली आणि ती भारताची पहिली म्हणून नोंदली गेली. १९९७ च्या सुमारास याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची जुनी कागदपत्रं वाचली आणि स्वतःहून जाहीर केलं की पहिला मान आपला नाही, त्यांचा आहे. स्वतःच्याच ताळेबंदातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर वळवणारा माणूस नवऱ्यानं व्यवसायात अजून पाहिलेला नाही. ते वाचल्यावर तो त्या दिवशी कुणालाही फोन लावायला बसला नाही.

आकडा खोटा न बोलता कसा फुगवायचा, हे मात्र मला ओल्डहॅमनं शिकवायची गरज नव्हती. मी शाळेत आहे. 'सलग अमुक वर्षं दहावीचा निकाल १०० टक्के' हा फलक फाटकावर लावणाऱ्या शाळा मी जवळून पाहिल्या आहेत. नववीत काठावर लोंबकळणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना दिवाळीनंतर बोलावणं जातं. खुर्ची दिली जाते, चहासुद्धा येतो. मग मुख्याध्यापक अत्यंत काळजीच्या सुरात म्हणतात, "मुलगा हुशार आहे हो, पण त्याच्यावर ताण नको. १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा." पोरगं बाहेरून बसतं, बाहेरच नापास होतं आणि आतला निकाल शंभर टक्के राहतो. यात शिकवण्याचा संबंध कुठे येतो ते मला विचारू नका.

क्लिनिकमध्ये १७ नंबरचा फॉर्म तोंडी भरून घेतात. बीजांचा शिल्लक साठा दाखवणारा एएमएच कमी आहे? चाळिशी उलटली? आधी दोन-तीन ठिकाणी सायकल फसली आहे? मग तुम्हाला फार जपून सांगितलं जातं की तुमची केस 'पुअर प्रोग्नोसिस' आहे, तुम्ही जरा मुंबईला दाखवा. किंवा दुसरा मार्ग: डोनर एग घ्या. आता बीज तरुण बाईचं असलं की घेणारीच्या वयाचा परिणाम पुष्कळच पुसला जातो, हे शास्त्र आहे आणि अनेक घरांना त्याचा खरोखर आधार झाला आहे. पण डोनर सायकल आणि स्वतःच्या बीजाच्या सायकल एकाच बादलीत ओतून टक्का काढला, तर तो टक्का माझ्यासारख्या छत्तिशीच्या बाईला काय सांगणार? तो सांगतो पंचविशीतल्या कुणातरी अनोळखी मुलीविषयी. उलट, बाकीच्यांनी परत पाठवलेल्या अवघड केसेस जे डॉक्टर घेतात, त्यांचा टक्का पडतो. म्हणजे तीस टक्केवाले सत्तरवाल्यांपेक्षा सरस असू शकतात. नुसतेच वाईटही असू शकतात. टक्क्यावरून ते कळत नाही, हीच तर पंचाईत.

दुसऱ्या देशांत म्हणे सरकारच मोजतं. त्यामुळे नवऱ्याचा मोर्चा तिकडे वळला. अमेरिकेनं १९९२ साली कायदाच केला. त्याच्या नावातच 'सक्सेस रेट' हे शब्द आहेत. त्यानुसार क्लिनिकांनी सगळ्या सायकलींचा हिशेब द्यायचा आणि सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं तो क्लिनिकचं नाव घालून छापायचा. बायकांच्या वयाचे गट पाडलेले: पस्तीसच्या आत, ३५ ते ३७, ३८ ते ४०, त्यापुढचे वेगळे. नवऱ्याचे डोळे भरून आले. छेद! सगळे छेद छापलेले! आणि मग त्याला इशारा दिसला. या आकड्यांवरून एका क्लिनिकची दुसऱ्याशी तुलना करणं अर्थपूर्ण ठरेलच असं नाही, कारण प्रत्येक ठिकाणी येणारे रुग्ण वेगळे, उपचारांच्या पद्धती वेगळ्या, कुणाला घ्यायचं याचे निकष वेगळे. म्हणजे देशभरातल्या क्लिनिकांकडून वर्षानुवर्षं हिशेब गोळा करायचा, नीट तक्ते करायचे आणि शेवटी सांगायचं की ज्यासाठी तुम्ही हे उघडलंत त्यासाठी हे वापरू नका.

इंग्लंडात एचएफईए नावाची नियामक संस्था आहे. तिथे प्रत्येक क्लिनिकच्या आकड्यापुढे एक शेरा असतो: राष्ट्रीय सरासरीच्या वर, सरासरीइतका, सरासरीच्या खाली. नवऱ्यानं एकेक क्लिनिक उघडून पाहिलं. सरासरीइतका. सरासरीइतका. सरासरीइतका. बहुतेक सगळी सरासरीइतकी! आणि ती सरासरी तरी काय, तर पस्तिशीच्या आतल्या बायकांतही सोडलेल्या भ्रूणांपैकी साधारण तिनातल्या एकाचं बाळ होतं. त्रेचाळिशी ओलांडली की शंभरात पाचांच्या आसपास. कॉलेज रोडवरून पाहिलं तर अख्खं इंग्लंड नापास.

मग ऐंशी आले कुठून? हे कोडं मीच सोडवलं, कारण ते आमच्या अभ्यासक्रमातलं, संभाव्यतेच्या प्रकरणातलं आहे. समजा एका सायकलला यशाची शक्यता ४० टक्के. फसण्याची ६०. तीनही वेळा फसण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.२१६, टक्क्यांत २१.६. शंभरातून वजा करा: ७८.४ टक्के. जवळच्या दहाच्या पटीत ऐंशी, आणि वर हौसेचं ते अधिक! तीन सायकलचं पॅकेज घेतलं तर. प्रत्येक जोडप्यानं तिन्ही सायकल पुऱ्या केल्या तर. आणि तिसऱ्या वेळी येणारी बाई पहिल्या वेळच्या बाईइतकीच नशीबवान धरली तर. पण एका सायकलला दीड-दोन लाख सहज लागतात. पहिल्या अपयशानंतर किती जणांचे पैसे संपतात, किती जणींचा जीव दमतो, किती घरांत बोलणंच बंद होतं, ते ०.६ ला कुठे माहीत असतं. उत्तर बरोबर आहे, पण गृहीतकं फलकावर मावली नाहीत, एवढंच.

एका नव्या क्लिनिकनं तर ७५ टक्के सांगितले आणि छेदही सांगितला! नवरा हरखून गेला. छेद चार होता.

या सगळ्यात आईंचा स्वतःचा एक उपाय होता. "दोन-तीन सोडा म्हणावं एकदम. जुळी झाली की एका खर्चात काम." हा उपाय त्यांनाच सुचला असं नाही. जास्त भ्रूण सोडले की ट्रान्सफरमागचा टक्का वर चढतो, म्हणून जगभर हे चाललं. इंग्लंडात नव्वदच्या दशकात आयव्हीएफच्या चारातल्या एकाहून जास्त बाळंतपणांत जुळी किंवा तिळी असायची. मग कळलं की वजन कमी, दिवस अपुरे, आईचा रक्तदाब वर, बाळं काचेच्या पेटीत. तिथे आता एकच भ्रूण सोडण्यावर भर असतो आणि जुळ्या-तिळ्यांचा आकडा शंभरात सहाच्याही खाली आला आहे. आईंना मी एनआयसीयूचा रोजचा खर्च अंदाजे सांगितला. त्या म्हणाल्या, "एकच बरं." नंतर हळूच म्हणाल्या, "पण सप्तशृंगीला मी जुळ्याचं बोलले नव्हते हं, एकाचंच बोललेय." म्हणजे नवसात तरी सिंगल एम्ब्रियो ट्रान्सफर आधीपासूनच होतं.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. २०२१ चा एआरटी, म्हणजे साहाय्यित प्रजननाचा, कायदा आहे आणि तो पुष्कळ बारकाईनं लिहिलेला आहे. बाई २१ च्या वर आणि ५० च्या आत हवी, पुरुष ५५ च्या आत. बीज देणारीनं आयुष्यात एकदाच द्यायचं आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. क्लिनिकांनी काय केलं आणि त्याचं फलित काय, हे राष्ट्रीय नोंदवहीत जायचं. ती नोंदवही उघडल्यावर आम्हाला क्लिनिकांची नावं, पत्ते, नोंदणी क्रमांक मिळाले; क्लिनिकनिहाय यशाचा टक्का मात्र कुठे सापडला नाही. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे नवऱ्यानं प्रिंट काढून पाकिटात ठेवलं: क्लिनिकनं जोडप्याला तिथल्या यशाची शक्यता, खर्च, धोके समजावून सांगायचे, इतकंच काय, दत्तक घेण्याच्या पर्यायाचीही माहिती द्यायची. दत्तकाचं आम्हाला आजवर फक्त माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं सांगितलं आहे.

जाता जाता एक. हे सगळे टक्के बायकोच्या वयाप्रमाणे पाडतात. बीजाच्या वयाला महत्त्व आहे, मान्य. पण जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडूनही काही ना काही अडचण असते. प्रत्येक क्लिनिकच्या फॉर्मवर माझं वय, पाळीच्या तारखा, वजन, उंची, लग्नाला किती वर्षं झाली हे सगळं. नवऱ्यासाठी एकच रकाना: सही.

शेवटी आम्ही एक क्लिनिक निवडलं. टक्का विचारल्यावर तिथल्या डॉक्टर मॅडमनी आमच्याच फाइली अर्धा तास चाळल्या आणि माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या रिपोर्टच्या बायकांत तिथे गेल्या वर्षी काय झालं, तेवढं सांगितलं. आकडा फलकापेक्षा बराच कमी होता. त्यांनी छेदही सांगितला, आपण होऊन. शिवाय सकाळी साडेसातला सोनोग्राफी होते म्हणजे माझा पहिला तास बुडत नाही, आणि खाली गाडी लावायला जागा आहे. यातल्या कुठल्या कारणाला किती वजन होतं ते नवऱ्यानं मला लिहून मागितलं होतं. मी दिलं नाही.

मग संमतिपत्र आलं. जाडजूड. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. रिसेप्शनवरच्या मुलीनं खुणेच्या ठिकाणी आधीच पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या, म्हणजे लोकांना वाचायचा त्रास नको. नवऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर 'यशाची कोणतीही हमी दिलेली नाही' असं होतं. त्याचा चेहरा इतका उजळला की शेजारच्या बाकावरचं जोडपं आमच्याकडे बघायला लागलं. "हे बघ," तो मला म्हणाला, "या शहरातलं पहिलं खरं वाक्य."

मुलीनं चहा आणला. तो सहाव्या पानावर होता.

"सर, सगळे सहीच करतात," ती म्हणाली.

"आठव्या पानानंतर एकदम दहावं आहे. नववं कुठे आहे?"

तिनं तिच्याकडची प्रत पाहिली. तिच्याकडेही नव्हतं. कपाटातला गठ्ठा काढला, कशातच नव्हतं. आतून काउन्सेलर मॅडम आल्या, मग मॅनेजर आले. कितीतरी जोडप्यांनी नववं पान नसलेल्या कागदांवर सह्या केल्या होत्या आणि त्या पानावर काय होतं ते तिथे कुणालाच आठवत नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "सर, फक्त पान नंबर चुकलाय, मजकूर सलग आहे." नवऱ्यानं आठव्याचं शेवटचं आणि दहाव्याचं पहिलं वाक्य जोडून मोठ्यानं वाचून दाखवलं. जोडल्यावर त्याचा अर्थ असा होत होता की शिल्लक भ्रूण गोठवून ठेवण्याचं वार्षिक भाडं वाहनतळात गाडीचं काही नुकसान झाल्यास परत मिळणार नाही.

तोवर आमच्या मागे रांग लागली होती. एक काकू मला विचारत होत्या, "काय गं, काही प्रॉब्लेम आहे का इथं? आम्ही सही करू की नको?" आणि शेजारच्या बाकावरच्या नवऱ्यानं सही केलेली स्वतःची फाइल परत मागून घेतली होती आणि बोट ठेवून तो पानांचे नंबर मोजत होता.